आवृत्ती १.२

बाहेर उणे सत्तावीस.
औलूतला जानेवारी, दुपारी तीनलाच अंधार.
घरातली हवा इतकी कोरडी
की लोकरी मोजे घालून गालिच्यावरून चाललं
तर दाराची मूठसुद्धा डसते.
म्हणून मोजे काढले, स्वयंपाकघरात अनवाणी उभा राहिलो,
एक हात रेडिएटरच्या पाइपवर,
दुसऱ्यात मदरबोर्ड,
नुसत्या कडांना धरलेला.

कागदाच्या गिरणीत एकतीस वर्षं मी रोलर ऐकले.
कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते तळपायांना कळायचं.
या पाटीला आवाजच नाही.
पंखे फिरले, पडदा काळा,
आणि कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा नारिंगी दिवा,
'डीरॅम' या अक्षरांशेजारी हटून बसलेला.

रॅम काढली. लावली. काढली.
दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायची असते
हे पुस्तिकेच्या सतराव्या पानावर होतं.
मी सोळाव्यावर कंटाळलो होतो.
अंगठ्याने दाबताना बोर्ड वाकतो, पोटात गोळा येतो,
आणि मग कट्,
निखळलेलं हाड बसावं तसं.
दिवा विझला. पडदा उजळला. मी कॉफी टाकली.

पण यंत्राला जगाशी बोलता येईना.
नेटवर्कचा ड्रायव्हर नाही, म्हणालं.
कुठे मिळेल? नेटवर.
कपाटाची किल्ली आत ठेवून
कपाट लावून घेतल्यासारखं झालं.
खोक्यात एक तबकडी होती,
ती घालायला या यंत्राला तोंड नव्हतं.
माझा फोन बटणांचा. वाचनालय सोमवारपर्यंत बंद.

उरलं शेजारचं दार. सिल्वी राउतिओचं.
चार हिवाळे आम्ही एकमेकांना
पायऱ्यांवर करकरणारा बर्फ म्हणून ओळखतो.
कारण एक फावडं.
माझं मोडलं तेव्हा रात्री न विचारता तिचं उचललं, पिवळं.
मग परत द्यायला उशीर झाला,
मग फारच उशीर झाला.

हातमोज्यात पेनड्राइव्ह धरून बेल वाजवली.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग मोज्याकडे.
"किती जागा आहे त्यात?" एवढंच म्हणाली.
मी उंबऱ्यावर, चष्म्यावर वाफ,
आतून कळफलकाची ताडताड.
पाच मिनिटांनी पेनड्राइव्ह परत, दार बंद.

चाललं नाही.
'हे उपकरण सापडलं नाही.'
टॉर्च दातांत धरून बोर्डावर वाकलो तेव्हा
शेवटच्या स्क्रूपाशी दिसलं, मुंगीच्या अक्षरात:
आवृत्ती १.२.
मी तिला नुसतं खोक्यावरचं नाव सांगितलं होतं.
नाव तेच, घराणं तेच, रंगरूपही तेच,
आत बसवलेली चिप मात्र दुसऱ्याच गावची.
चार हिवाळ्यांपूर्वीच्या सिल्वीला टाळता टाळता
मी आता नक्की कोणाला टाळत होतो, कोण जाणे.

पुन्हा बेल. या वेळी म्हणाली, "बूट काढ."
"एक पॉइंट दोन? आधी सांगायला काय झालं होतं?"
टेबलावर राईचा पाव, लोणी.
मी खाल्ला नाही.
म्हणजे, अर्धाच खाल्ला.

घरी. डबल क्लिक. हिरवी पट्टी सरकत सरकत
नव्व्याण्णववर अडली.
मी स्टुलावर श्वास धरून बसलो,
गिरणी सुरू होताना बसायचो तसा.
मग आसपासच्या वायफायची यादी उघडली.
सहा नावं. पाच कंपनीने दिलेली, नुसते आकडे.
सहावं सगळ्यांत जवळचं, पूर्ण ताकदीचं:
'उर्हो-फावडं-परत-कर'.

चार हिवाळे ते भिंतीतून माझ्या घरात येत होतं.
माझ्याकडेच वाचणारं काही नव्हतं.

बूट चढवले, मागच्या अंगणात गेलो.
शेडच्या दाराशी कमरेइतका बर्फ साचलेला.
तो उपसायला लागणारं फावडं
शेडच्या आत होतं.